बिडाचे इंजिन आणि त्याचा रंग

आमच्या जिल्ह्याचे नाव बीड, आणि ओतीव लोखंडालाही मराठीत बीडच म्हणतात. या दोन नावांचा परस्परांशी काही संबंध आहे असे मी सुचवीत नाही. मात्र हे दुसरे बीड आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक घरी कोणत्या ना कोणत्या रूपात असते. स्वयंपाकघरातला तवा बिडाचा, विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाचे धूड बिडाचे, आणि जीपच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनाचा मुख्य भागही बिडाचाच. यातल्या तव्याची निगा घरातली बाई न सांगता राखते. काम झाले की तवा पुसते आणि त्याला तेलाचा हात लावून ठेवते. इंजिनाच्या वाट्याला मात्र वर्षातून एकदा, दसऱ्याला, हळदकुंकू आणि झेंडूचा हार येतो. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ते धूळ, तेल आणि गंज यांच्या हवाली असते.

कला शाखेच्या वार्षिकांकात इंजिनाच्या रंगाविषयी लेख पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी पोट भरण्याचे साधन म्हणजे कुठले तरी इंजिनच आहे. कुणाचे वडील ट्रॅक्टर चालवतात, कुणाचा भाऊ टेम्पो चालवतो, कुणाचे सारे घरच ऊसतोडीच्या हंगामात टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात जाते आणि ट्रक वेळेवर निघाला नाही तर उचल अंगावर बसते. ज्या वस्तूवर घर चालते ती वस्तू समजून घेणे हे शिक्षणाबाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

या विषयाकडे मी वळण्याचे कारण थोडे कडू आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, काळी-पिवळी जीप चालवीत. तिचे इंजिन थकले तेव्हा त्यांनी एक जुने इंजिन विकत घेतले. विकणाऱ्याचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. इंजिन मोठे देखणे होते. नव्या भांड्यासारखा चकचकीत रंग, कुठे तेलाचा डाग नाही, गंजाचा ठिपका नाही. रंग पाहून दादांनी पैसे मोजले. तिसऱ्या आठवड्यात मांजरसुंब्याच्या घाटात गाडी तापून उभी राहिली. ब्लॉकच्या कुशीत बोटभर लांबीची चीर होती. तिच्यात लांबी भरून, घासून, वरून रंगाचे दोन हात मारलेले होते. उष्णतेने लांबी सुटली, पाणी गेले, इंजिन तापले आणि हेड वाकले. त्या वर्षी माझी फी भरता आली नाही आणि माझे एक वर्ष गेले.

पुढे दुसरे इंजिन आले तेव्हा ते आम्ही घरच्या अंगणात, शेजारच्या मिस्त्रीचाचांच्या देखरेखीखाली स्वतः साफ केले आणि रंगवले. चाचांची शाळा चौथीतच सुटली होती. पण पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “बेटा, रंग शेवटी. आधी इंजिन वाचायचं.” प्रस्तुत लेख म्हणजे त्या वाचनाची पद्धत आहे. त्यात जे रसायनशास्त्राचे आणि पदार्थविज्ञानाचे आहे ते मी नंतर ग्रंथालयात बसून पडताळून घेतले.

इंजिनाला रंग कशासाठी?

लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी हे तिघे एकत्र आले की गंज होतो. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो जेथे तयार होतो तेथून फुगतो, पोपडा धरतो आणि वरचा रंगही उचलून टाकतो. पोपडा गळाला की खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. रंगाचे पहिले काम हे चक्र थांबवण्याचे, म्हणजे पाणी आणि लोखंड यांच्यामध्ये पडदा धरण्याचे आहे.

दुसरे काम लक्षात येण्यासारखे असूनही सहसा लक्षात घेतले जात नाही. स्वच्छ, फिकट रंगाच्या इंजिनावर तेलाचा किंवा पाण्याचा एक थेंब जरी पाझरला तरी तो दिसतो. तेलकट, काळ्या इंजिनावर तांब्याभर तेल गळाले तरी कळत नाही. म्हणजे रंग हा दोष झाकण्यासाठी वापरता येतो, तसाच दोष उघड करण्यासाठीही वापरता येतो. सारा फरक तो देणाऱ्याच्या हेतूत आहे.

रंगाच्या थराने इंजिनाची उष्णता कोंडते, अशी एक समजूत गॅरेजमध्ये ऐकू येते. रंगाचा पातळ थर हा केसाच्या जाडीइतका किंवा त्याहूनही कमी असतो. त्याने ब्लॉकच्या थंड होण्यात जाणवेल असा फरक पडत नाही. खरी उष्णता कोंडते ती वर्षानुवर्षे साचलेल्या तेलधुळीच्या बोटभर थराने. रेडिएटर मात्र अपवाद आहे. त्याच्या पात्यांमधल्या फटी मुळातच अरुंद असतात आणि रंगाने त्या बुजतात. तेथे द्यायचाच तर काळ्या बिनचकाकीच्या रंगाचा अगदी विरळ हात द्यावा, नाहीतर देऊच नये.

धातूची ओळख

इंजिन एकाच धातूचे नसते. ब्लॉक आणि पुष्कळ जुन्या डिझेल इंजिनांचे हेड बिडाचे असते. खालचे तेलाचे चेंबर आणि वरचे टॅपेट कव्हर बहुधा दाबलेल्या पत्र्याचे असते. थर्मोस्टॅटची कोठी, पुढचे टायमिंग कव्हर यांसारखे काही भाग अॅल्युमिनियमचे असू शकतात. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे लोहचुंबक. बिडाला आणि पत्र्याला तो चिकटतो, अॅल्युमिनियमला चिकटत नाही.

ही ओळख आधी का करून घ्यायची, तर एका धातूचे औषध दुसऱ्याचे विष असते म्हणून. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्याने बिडावरचा चिकटा झटकन निघतो. तेच पाणी अॅल्युमिनियमवर पडले तर धातू फसफसून विरघळू लागतो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, जो ठिणगीने पेट घेतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाने कार्ब्युरेटर रात्रभर अशा पाण्यात ठेवला होता. सकाळी त्याच्या हाती राखाडी, खडबडीत, निरुपयोगी तुकडा आला. घरच्या कामाला कॉस्टिकची गरजच नाही. धुण्याचा सोडा किंवा कपडे धुण्याची पावडर बिडाला आणि पत्र्याला पुरते; अॅल्युमिनियमला सौम्य साबण बरा.

साफसफाई : अर्ध्याहून अधिक काम

रंगकाम चार दिवसांचे असेल तर तीन दिवस साफसफाईचे धरावेत. रंग धातूला चिकटतो. तेलाला किंवा गंजाला चिकटत नाही. घाई करून तेलावर रंग दिला तर तो पहिल्या पावसाळ्यातच सापाच्या कातीसारखा सुटतो.

पहिल्यांदा कोरडी सफाई. लाकडाच्या चिपेने किंवा जुन्या उलथन्याने जाड गाळ खरवडावा. मग रॉकेल किंवा डिझेल आणि जुना ब्रश. पूर्वी रॉकेल घरोघरी असे. आता ते मिळणे दुरापास्त झाल्याने डिझेलवरच भागवावे लागते. पेट्रोल मात्र कधीही वापरू नये. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी निघते, आणि आमच्या अंगणापासून चूल फार लांब नसते. डिझेलने गाळ सैल झाला की गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून त्याने घासावे, कारण डिझेल स्वतःही तेलच आहे आणि त्याचा पापुद्रा मागे राहतो. शेवटी स्वच्छ पाणी. धुतलेल्या भागावर पाणी शिंपडून पाहावे. ते सलग पसरले तर भाग स्वच्छ झाला. मोत्यासारखे थेंब धरून राहिले तर तेल अजून शिल्लक आहे.

आपल्याकडे पाण्याची टंचाई काय असते हे सांगायला नको. म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात. धुणे घमेल्यात करावे म्हणजे थोडक्या पाण्यात भागते. आणि ते तेलकट पाणी विहिरीजवळ, हापशाजवळ किंवा नाल्यात ओतू नये. जळके तेल वेगळ्या डब्यात साठवून ते विकत घेणाऱ्याला द्यावे. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात त्या गावात विहिरीत तेल मुरवणे हे पापच आहे.

धुतल्याबरोबर भाग पुसून उन्हात ठेवावा. उघडे बीड ओले राहिले तर तासाभरातच त्यावर पिवळसर गंजाची झाक येते. आपल्याकडचे ऊन या कामी मोठे सहायक आहे.

वाचन : खडूची परीक्षा

आता इंजिन उघडे, स्वच्छ आणि कोरडे आहे. हीच ती वेळ. चाचांनी मला या वेळी कॉलेजातून खडू आणायला सांगितले तेव्हा मला नवल वाटले होते.

रीत अशी. संशय असलेल्या जागेवर, म्हणजे पाण्याच्या पोकळीच्या बाजू, बोल्टांच्या भोकांमधल्या अरुंद पट्ट्या, कोपरे आणि पूर्वी ठिगळ लावल्यासारख्या दिसणाऱ्या जागा, यांवर रॉकेल किंवा डिझेल फासावे आणि अर्धा तास थांबावे. मग ती जागा कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावी. त्यावर खडूची बारीक भुकटी चोळावी किंवा स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप द्यावा. चीर असेल तर तिच्यात शिरलेले तेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. जी चीर डोळ्यांना दिसत नाही ती खडूवर आपले नाव लिहून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांचे आस आणि चाके तपासण्यासाठी हीच पद्धत वापरीत. आजच्या कारखान्यांतली रंगीत द्रवाने भेगा शोधण्याची पद्धत तिचीच सुधारलेली आवृत्ती आहे.

चीर सापडली तर रंगकाम तेथेच थांबवावे. बिडाला सांधणे हे कसबी माणसाचे काम आहे. तापवून सावकाश थंड न केल्यास सांध्याशेजारीच नवी चीर पडते. लांबी आणि रंग हा त्यावरचा उपाय नव्हे. आमच्या पहिल्या इंजिनावर कुणी खडू चोळला असता तर माझे वर्ष वाचले असते.

चीर नसेल तर पुढचे पाहावे. पाण्याच्या पोकळीची पत्र्याची बुचे गंजली आहेत का, बोल्टांचे आटे शाबूत आहेत का, जुन्या पॅकिंगचे तुकडे चिकटले आहेत का. जुन्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसात गेली की ती बाहेर येत नाही. म्हणून असे पॅकिंग कोरडे घासू नये. पाण्याने भिजवून सुरीच्या पाठीने सोडवावे.

गंज काढणे

मोकळा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने जातो. आधी ८० किंवा १२० नंबरचा खरखरीत, मग २२० चा बारीक. धातू आरशासारखा गुळगुळीत करू नये. रंगाला पाय रोवायला थोडी खरबड लागते.

सुटे, लहान बिडाचे किंवा लोखंडाचे भाग असतील तर लिंबूसत्वाचे पाणी उपयोगी पडते. लिटरभर पाण्यात साधारण ५० ग्रॅम लिंबूसत्व घालून भाग काही तास बुडवून ठेवावा, मधून मधून ब्रश फिरवावा. चिंचेने तांब्यापितळेची भांडी उजळतात त्यातलाच हा प्रकार आहे. आम्ल धातूवरचा मळ विरघळवते. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुऊन, लगेच वाळवावा. रात्रभर विसरला तर आम्ल चांगले लोखंडही खाऊ लागते.

बाजारात गंजावर लावायचे जे द्रव मिळतात त्यांत बहुधा फॉस्फोरिक आम्ल असते. ते गंजाचे रूपांतर लोखंडाच्या फॉस्फेटमध्ये करते आणि हा काळपट थर खालच्या धातूचे रक्षण करतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना येथे दिल्लीचा लोहस्तंभ आठवावा. सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असूनही तो फारसा गंजलेला नाही. कानपूरच्या आय. आय. टी. मधील आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. गुप्तकाळातल्या लोहारांच्या लोखंडाने जे शतकानुशतके केले, तेच आपण बाटलीतल्या द्रवाने अर्ध्या तासात, अर्थात फार कमी काळासाठी, करतो.

एक सावधगिरी. वाळूचा मारा करून गंज काढण्याची सोय काही ठिकाणी असते. इंजिनाच्या ब्लॉकला ती टाळावी. वाळूचा कण तेलाच्या बारीक वाटांत अडकून राहतो आणि इंजिन सुरू झाले की बेअरिंग खरवडून काढतो. शिवाय कोरड्या वाळूच्या धुळीने काम करणाऱ्याला सिलिकोसिस हा फुप्फुसाचा असाध्य रोग होतो.

कोठे रंग देऊ नये

चाचा म्हणत, “रंग कुठं द्यायचा हे कुणालाही कळतं, कुठं नाही द्यायचा ते कळलं तर मिस्त्री.” ज्या दोन पृष्ठांमध्ये पॅकिंग बसते ती पृष्ठे, सिलिंडरची आतली भिंत, बेअरिंगच्या जागा, बोल्टांचे आटे आणि इंजिनाची आतली बाजू यांना रंगाचा स्पर्श होता कामा नये. पॅकिंगखालचा रंग उष्णतेने मऊ होतो, बोल्ट ढिले पडतात आणि गळती सुरू होते. रबरी नळ्या, पट्टे, डायनॅमोची हवेची भोके आणि बॅटरीच्या अर्थिंगची जागाही सोडावी. अर्थिंगच्या जागी रंग बसला तर वीज वाहत नाही आणि मग स्टार्टर का फिरत नाही हे शोधण्यात दिवस जातो.

इंजिनावर ठोकलेला नंबरही बुजू देऊ नये. परिवहन कार्यालयात तो वाचला जातो, आणि जाड रंगाखाली गेलेला नंबर पाहून तपासणाऱ्याला संशय आला तर त्याला दोष देता येत नाही. दुसरे इंजिन बसवले असेल तर त्याची नोंद करून घेणे हे रंगापेक्षाही आधीचे काम.

झाकण्यासाठी वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी पुरते. बोल्टांच्या भोकांत ग्रीस लावलेले जुने बोल्ट फिरवून ठेवावेत. मोठ्या भोकांत चिंध्यांचे बोळे घालावेत, पण किती घातले ते मोजून कागदावर लिहावे. आत राहिलेला एक बोळा नंतर सबंध इंजिन खोलायला लावतो.

रंगाची निवड

रंग म्हणजे तीन गोष्टींचे मिश्रण : रंग देणारी भुकटी, तिला धरून ठेवणारे बंधक द्रव्य, आणि उडून जाणारे द्रावक, म्हणजे आपले थिनर. यांतले बंधक किती उष्णता सोसते यावर सारे अवलंबून आहे.

इंजिनातले पाणी साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला असते. ब्लॉकचा बाहेरचा भाग त्याच्या आसपास तापतो. धूर बाहेर नेणारे मॅनिफोल्ड मात्र भार पडल्यावर ४०० ते ६०० अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही वर जाते. दारे-खिडक्यांना लावतो तो साधा एनॅमल मॅनिफोल्डवर पहिल्याच फेरीत जळून जातो. ब्लॉकवर तो काही काळ टिकतो, पण पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून ब्लॉक, चेंबर आणि टॅपेट कव्हर यांना इंजिन एनॅमल घ्यावा, आणि मॅनिफोल्डला उष्णतारोधक अॅल्युमिनियम रंग. हा रंग आपल्याकडे २००, ४०० आणि ६०० अंश अशा प्रतींत मिळतो. मॅनिफोल्डसाठी ६०० चाच मागावा. त्यातले बंधक सिलिकोनचे असते आणि अॅल्युमिनियमचे कण माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसून धातू झाकतात.

गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ‘ड्युको’ म्हणतात तो शब्द मुळात एका मालाचे नाव होता. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने त्या नावाचा नायट्रोसेल्युलोजचा झटपट वाळणारा रंग आणला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला दिवसच्या दिवस लागत. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुढे वनस्पती तुपाचा जसा डालडा झाला तसा मोटारीच्या रंगाचा ड्युको झाला. हा रंग गाडीच्या पत्र्याला शोभतो. पण डिझेल-पेट्रोलचा ओघळ आणि इंजिनाची उष्णता त्याला सोसत नाही.

अस्तराविषयीही थोडे. बिडाला आणि पत्र्याला रेड ऑक्साइड प्रायमरचा एक पातळ हात चालतो. अॅल्युमिनियमला साधे अस्तर धरत नाही; त्याला धातूला किंचित खाऊन चिकटणारे एच प्रायमर लागते. मॅनिफोल्डच्या रंगाखाली डब्यावर तसे लिहिले नसेल तर अस्तर देऊच नये, कारण वरचा रंग टिकला तरी अस्तर जळते आणि दोन्ही गळतात.

जुन्या काळी लोखंडाच्या अस्तराला शेंदूर वापरीत. मारुतीला फासतात तोच शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. गंज रोखण्यात तो उत्तम, पण शिसे हे मेंदूला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला, घातक आहे. भारतात घरगुती व सजावटीच्या रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा कमी असावे असा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. औद्योगिक रंग त्या नियमाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून जुन्या इंजिनावरचा रंग, विशेषतः पिवळा, नारिंगी आणि शेंदरी, कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, मुलांना लांब ठेवावे आणि निघालेला गाळ गोळा करून घ्यावा.

रंग देणे

आमच्या हवेत या कामाला सर्वांत चांगला काळ म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून माघापर्यंतचे दिवस. सकाळी दहा ते दुपारी चार. पावसाळ्यात हवेतले बाष्प थंड धातूवर बसते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. चैत्र-वैशाखात उन्हातले लोखंड हात लावू देत नाही. थिनर वाटेतच उडते आणि रंग भुकटीसारखा बसतो. फाल्गुनात लिंबाची पाने गळतात, त्यामुळे झाडाखाली काम करणाराची फजिती होते. धूळ बसावी म्हणून आदल्या तासाला अंगणात सडा टाकावा.

भाग तारेने टांगावेत म्हणजे सर्व बाजू मिळतात. रंगाआधी थिनरच्या फडक्याने अखेरचे पुसावे आणि नंतर उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. बोटांचे तेल रंगाला पुरते. फवाऱ्याचा डबा असेल तर २० ते २५ सेंटिमीटरवरून, हात सतत हलता ठेवून, भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावे. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही बरे. दोन हातांमध्ये डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्यावा. ब्रश वापरल्यानेही काही बिघडत नाही. आम्ही ब्लॉक ब्रशनेच केला. रंग पातळ करून, मऊ ब्रशने, एकाच दिशेने. चार सिलिंडरच्या इंजिनाला अर्धा लिटर रंग पुरून उरतो. ओघळ आला तर तो ओला असताना पुसत बसू नये. वाळल्यावर बारीक पेपरने घासून पुन्हा हात द्यावा.

हाताला कोरडा लागणारा रंग आतून कोरडा नसतो. एनॅमलला आठवडाभर तरी मोकळे ठेवावे. मॅनिफोल्डचा सिलिकोन रंग तर भाजल्याशिवाय पक्का होतच नाही. इंजिन जोडल्यावर पहिल्यांदा दहा मिनिटे नुसते चालू ठेवावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे. मग वीस मिनिटे, पुन्हा थंड. त्यानंतर गाडी हळूहळू कामाला लावावी. या वेळी धूर आणि वास येतो, तो उघड्यावरच येऊ द्यावा. कुंभाराच्या भट्टीत मडके जसे टप्प्याटप्प्याने भाजते तसेच हे. भट्टी एकदम पेटवली की मडके तडकते. रंगवलेला भाग घरातल्या ओव्हनमध्ये भाजण्याचा मोह मात्र टाळावा. ती वाफ नंतर अन्नात उतरते.

शरीराची काळजी

थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत किंवा विडीपर्यंत पोचते. काम नेहमी उघड्यावर करावे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, वाफ मुळीच अडवत नाही. त्यासाठी कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो. ज्या रंगात दुसऱ्या डब्यातले हार्डनर मिसळावे लागते त्यातले आयसोसायनेट दमा जडवू शकते. तो फवारा घरी उडवूच नये. जळक्या तेलात हात तासन्‌तास ठेवू नयेत, आणि हात पेट्रोलने नव्हे तर साबणाने धुवावेत. तेलरंगाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात.

शेवटी

आमच्या इंजिनाला आम्ही फिकट राखाडी रंग दिला. चकचकीत म्हणावा असा तो नव्हता. ब्रशच्या रेघाही दिसत होत्या. पण पुढच्याच महिन्यात टॅपेट कव्हरच्या कडेला तेलाची एक बारीक रेघ उतरलेली दादांना सकाळी पुसतानाच दिसली. पॅकिंग बदलले, काम झाले. जुन्या काळ्या इंजिनावर ती रेघ आम्हाला चेंबर कोरडे पडल्यावरच कळली असती. त्या दिवशी रंगाचे पैसे वसूल झाले.

जुने इंजिन, जुनी जीप, जुना ट्रॅक्टर विकत घेण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांच्या घरी येते, आणि घरातला शिकलेला म्हणून आपल्याला सोबत नेले जाते. अशा वेळी आपल्या पदवीचा तेथे काय उपयोग, असा प्रश्न मनात येतो. थोडा उपयोग आहे. समोरचे इंजिन नुकतेच रंगवलेले दिसले तर ते का रंगवले हे नम्रपणे विचारावे. उत्तराने समाधान झाले नाही तर रंग खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. बोटभर डिझेल, एक फडके आणि अर्धा तास मागून घ्यावा, आणि मग खिशातला खडू काढावा.